बोडी वॉर्डाचा रस्ता आणि माझ्या चपला

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज संघप्रिया रामटेके स्कूटीसकट खड्ड्यात पडली आणि मी शपथ घेतली. शपथ लिहून ठेवतो. माझा राग सकाळपर्यंत उतरतो असं आई म्हणते. लिहून ठेवलं की मागे फिरता येत नाही.

आमच्या सावरबोडी गावात बोडी वॉर्डातून चौकात जायला एकच रस्ता. उन्हाळ्यात नळाची पाइपलाइन टाकायची म्हणून तो मधोमध खोदला, पाइप टाकला, आणि ठेकेदार जो गेला तो गेलाच. खंदक उघडाच. वर पाइप फुटका. म्हणून पाऊस संपला, धान कापणीला आलं, तरी आमच्या दारातला चिखल रोज ताजा.

संघप्रिया नगरपंचायतीसमोरच्या सेतू केंद्रात बसते, लोकांचे दाखले काढून देते. घरी ती आणि तिची आजी मीराबाई, दोघीच. आईबाबा नोकरीसाठी मुलचेऱ्याला. जेवायच्या सुट्टीत ती घरी येते. त्या वेळेला मी नेमका समोरच्या कट्ट्यावर असतो. योगायोग आहे. स्कूटी घसरली तसा मी धावलो आणि हात पुढे केला.

"मले नाई, पिशवी उचल पह्यले!" ती चिखलातून ओरडली. "लोकायचे जातीचे दाखले हायत त्याच्यात!"

मी पिशवी उचलली. ती आपली आपण उठली. मग आम्ही तिच्या अंगणातल्या तारेवर चिमटे लावून दाखले वाळत घातले. मला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "या वॉर्डात एकबी माणूस असा नाई, जो हा रस्ता करून दाखवीन."

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी म्हटलं, "मी दाखवतो! रस्ता होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही!" आणि दोन्ही चपला काढून खंदकात फेकल्या.

मीराबाई बाजेवर बसली होती. म्हणाली, "नवस हाय काय रे? आपल्यात नवस कुठी असते?"

"नवस नाई आजी, प्रतिज्ञा हाय."

"मंग फेकल्या कायले? घरी ठेवून देतास."

चपला दिवाळीच्या होत्या. नव्या.

६ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज लिहिला. सुरुवात अशी: "झोपलेल्या अधिकाऱ्यांनो, बोडी वॉर्डाचा संयम संपला आहे." तीन पानं झाली. शेवटच्या पानावर क्रांतीचा इशारा दिला.

संघप्रियानं शांतपणे सगळा वाचला, पेन घेतलं आणि सगळा खोडला. तारीख तेवढी ठेवली.

"तुले लिहिता येत नाई कुलदीप, निस्तं भांडता येते," ती म्हणाली, आणि अर्ध्या पानात नवा अर्ज लिहून काढला. "महोदय" पासून "आपले विश्वासू" पर्यंत एक शिवी नाही. वाचताना मला लाज वाटली, पण अक्षर फार सुंदर आहे तिचं.

नंतर मी वॉर्डातल्या सगळ्या बायांच्या सह्या-अंगठे गोळा केले. म्हणजे दारोदारी जाऊन ती समजावत होती. शाईचा डबा मी धरला होता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्ज घेऊन नगरपंचायतीत गेलो. संघप्रिया म्हणाली होती, "तू नको जाऊ, तुले नाई जमत." म्हणून गेलो.

आवकच्या बाबूनं शिक्का मारला आणि अभियंत्याकडे पाठवलं. कनिष्ठ अभियंता अश्विन. नवा आहे, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, पण शर्ट असा कडक इस्त्रीचा की जसा काही आजच नवरदेव होणार. म्हणाला, "निवडणुकीची आचारसंहिता सुरू हाय दादा. नवीन काम नाई काढता येत."

मी म्हटलं, "खड्डा आचारसंहितेत बसते, अन् बुजवणं नाई बसत?"

"मी काय करू?"

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. कागदांवर, त्याच्या पँटवर, सगळीकडे. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

सेतूच्या खिडकीतून संघप्रियानं हे पाहिलं आणि फडकं घेऊन आत गेली. टेबल पुसायला किती वेळ लागतो? मी बाहेर झाडाखाली उभाच. आली तेव्हा हसत होती. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काई नाई. माणूस बरा हाय."

बरा आहे!

१७ नोव्हेंबर, रविवार

पायाला बाभळीचा काटा गेला. विक्कीनं सुईनं काढला आणि काढता काढता भाषण दिलं. विक्की म्हणजे माझा मित्र आणि मालकही. वडसाला त्याचा छापखाना आहे. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं, मी ॲप्रन त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो, तेव्हापासून मी विक्कीकडेच आहे. हिवाळ्यात आमच्याकडे दुसरं काम नसतं, निव्वळ नाटकांच्या पत्रकांचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि मंडईच्या रात्री नाटक, म्हणजे प्रत्येक गावाचं पत्रक आलं.

"पोरीपायी पाय फोडून घेऊन राह्यला बे," विक्की म्हणाला.

"रस्त्यापायी," मी म्हटलं.

"हो हो. रस्त्याचं नाव काय? संघप्रिया?"

मी सुई हिसकावून त्यालाच टोचली.

संध्याकाळी परत आलो तर वॉर्डात त्या अश्विनची मोटारसायकल. रविवारी! टेप घेऊन रस्ता मोजत होता. टेपचं दुसरं टोक संघप्रियानं धरलेलं. तो आकडा सांगत होता, ती लिहून घेत होती. टेप धरायला वॉर्डात दुसरी माणसं नव्हती काय? मी कट्ट्यावर बसून होतो, मला कोणी विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आचारसंहिता उठली. रस्ता तिथंच.

आता म्हणे नगराध्यक्षांची सही बाकी आहे. नगराध्यक्ष सोमाजीभाऊ काही कार्यालयात सापडत नाहीत, कारण नाटकांचा हंगाम. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गावात उद्घाटक. गळ्यात हार, हातात कात्री. त्यांची सही घ्यायची तर नाटकाचं तिकीट काढावं लागेल.

आणि आज त्याहून वाईट बातमी. आमच्या वॉर्डाचं यंदाचं नाटक रद्द. कंपनीचा माणूस वडसाहून रस्ता पाहायला आला, खंदकाच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "सेटचा ट्रक इथून मैदानात जाईन कसा? उडत?" आणि परत गेला.

आई चुलीपुढे बसून होती. "बारा गावचे लोक पाव्हणे बोलावतेत. मी माह्या बहिणीले काय सांगू? तिच्या जवायाले काय सांगू?" मंडईला जावई आला नाही तर इथं बाईचा वर्षभराचा तोरा जातो. मी म्हटलं, "आई, फोन करून सांग, खड्डा हाय." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उठून बाहेर आलो.

१ डिसेंबर, रविवार

सुचलं! दुपारी पत्रकं जुळवता जुळवता सुचलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. विक्कीला वाटलं काटा डोक्यात गेला.

त्यांचे उद्घाटक, त्यांची पत्रकं. मग खड्ड्याचंही पत्रक निघालं पाहिजे. भर गावात इज्जत निघेल. हे घ्या, अक्षर न अक्षर माझं:

"रसिकहो, चुकवाल तर पस्तावाल! सावरबोडीत प्रथमच! तीन अंकी सामाजिक नाटक: सून आली चिखलातून, अर्थात बोडी वॉर्डाची हाक. उद्घाटक: मा. सोमाजीभाऊ, नगराध्यक्ष. दीपप्रज्वलन: मा. रंभाबाई, नगरसेविका. खलनायक: अश्विन, कनिष्ठ अभियंता. नेपथ्य: नळयोजनेचे ठेकेदार. प्रकाशयोजना: बंद पडलेले पथदिवे. नृत्य: या रस्त्यावरून जाणारे सर्व. स्थळ: मीराबाईच्या घरासमोरील भव्य खड्डा. रविवार, १५ डिसेंबर, सायंकाळी सहा."

मधोमध सोमाजीभाऊंचा फोटो. हा फोटो आमच्याकडे कायमच असतो.

३ डिसेंबर, मंगळवार

काल पहाटे सगळ्या गावात पत्रकं चिकटवली. चौकात, बसस्टॉपवर, नगरपंचायतीच्या दारावर. मग कट्ट्यावर बसून लोक हसायची वाट पाहिली.

कोणी हसलं नाही. कोणीच नाही.

घरी आलो तर आई अंगण सारवत होती. म्हणाली, "आधी काऊन नाई सांगितलं रे, नाटक ठेवलं म्हून? तुह्या मावशीले फोन केला. जवाईबी येऊन राह्यले."

"आई, ते नाटक नाही! तू वाचलं नाही का?"

"वाचलं ना. तारीख पाह्यली, वेळ पाह्यली. नाटकाच्या पत्रकात आनखी काय वाचाचं असते?"

बाहेर पळालो. शेजारी तांदूळ निवडणं चालू. पलीकडच्या घरी भिंत रंगवत होते. वॉर्डभर फोन: या, नाटक हाय, मुक्कामाले या. मी दोघातिघांना धरून "स्थळ" वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हो, मैदानात ट्रक जात नाई म्हून तिथी ठेवलं असन. बरं केलं."

दुपारी सोमाजीभाऊंचा फोन. मी उभा राहिलो. वाटलं, आता शिव्या.

"कुलदीप बेटा, पत्रक मस्त झालं. पण रंभाबाईचं नाव माह्याच टायपात काऊन? दीपप्रज्वलनाचा टाइप बारीक पाह्यजे ना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पाच मिनिटांनी रंभाबाईंचा फोन: "मले दिवाच काऊन? पह्यले वॉर्ड माहा हाय!"

सगळ्यांनी आपापलं नाव वाचलं. खड्डा कोणी वाचला नाही.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी दारात मोटारसायकल. अश्विन. हातात पत्रक. मी काठी शोधली. अंगावर आला की हाणायचा, असं ठरवून उभा राहिलो.

तो म्हणाला, "दादा, खलनायकाचे डायलॉग केव्हा मिळतीन?"

मी काठी पाठीमागे लपवली.

"लहानपणापासून इच्छा होती," तो म्हणाला, आणि माझ्या अंगणात उभं राहून त्यानं खलनायकासारखं हसून दाखवलं. खरं सांगतो, हसणं जबरदस्त होतं. कोंबड्या उडाल्या.

संघप्रियाकडे गेलो. म्हटलं, सगळ्यांना सांगून टाकतो, ही मस्करी होती. ती बाजेवर बसून पोट धरधरून हसत होती. मग एकदम थांबली.

"पाव्हणे येऊन राह्यले कुलदीप. घराघरात. अन् तू सांगशीन, नाटक नाई? तुह्या मायची मान खाली जाईन. तुह्यासंगं गावात कोणी बोलणार नाई."

"मंग काय करू?"

"नाटक कर."

"लिहिणार कोण?"

"तू लिही. भांडणच लिहाचं हाय, ते तं येते तुले." मग म्हणाली, "सून मी होतो. पण माह्ये डायलॉग मी लिहीन."

मी रात्रीची वाट न पाहता लगेच बसलो.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. सगळे विहारात होते, तालीम नाही. वंदना झाल्यावर मीराबाईनं मला बाजूला घेतलं. "मले कोनतं काम हाय तुह्या नाटकात? अख्खा जनम समोर बसून पाह्यलं. एकदा तं मागून पाहू दे." तिला सासूचं काम दिलं. डायलॉग एकच: "माय वं, सून बुडली!"

१३ डिसेंबर, शुक्रवार

तालमी झाल्या. विक्की नवरा, संघप्रिया सून, अश्विन रस्ता अडवणारा सावकार, मी हिरो. अश्विन तालमीला सगळ्यांच्या आधी येतो. त्याला सुनेचा हात धरून एक वाक्य म्हणायचं आहे. ते वाक्य मी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी संघप्रियानं परत लिहिलं. म्हणे, त्याशिवाय हिरोला राग कसा येईल.

मला राग यायला कशाचीच गरज नाही.

रंगमंच मीराबाईच्या घरासमोर, खंदकाच्या पलीकडच्या बाजूला. लोक अलीकडे. उद्घाटकांना खंदक ओलांडून जावं लागेल, फळीवरून.

"सोमाजीभाऊ कोन्या बाजूनं येतीन?" संघप्रियानं विचारलं.

"चौकाकडून. गाडी तिकडंच थांबते."

"बरं. फळीचं मी पाहून घेतो. तू नको पडू त्याच्यात." तिला किती कामं! वर फळी.

१६ डिसेंबर, सोमवार

काल झालं. सगळं लिहितो.

उजेड असतानाच वॉर्ड भरला. छतांवर, ट्रॅक्टरवर, बैलबंडीवर माणसं. मुलचेऱ्याहून मावशी आणि जावई पहिल्या रांगेत सतरंजीवर. आई इतकी नटली होती की मी ओळखलं नाही. पहिल्यांदाच मला भीती वाटली. खरी.

सोमाजीभाऊ आले. पांढरे कपडे, पायात पांढरे बूट, गळ्यात आधीच कोणाचा तरी हार. मागे रंभाबाई. माइकवर विक्कीनं नाव घेतलं. भाऊंनी लोकांना हात जोडले, जोडलेल्या हातांनीच फळीवर पाय ठेवला, मधोमध पोचले आणि फळी सरकली.

आवाज आला तो अजून कानात आहे. पांढरं सगळं काळं झालं. हार तरंगत होता.

मग मीराबाईला वाटलं आपलंच वाक्य आलं. जोरात ओरडली, "माय वं, सून बुडली!"

आणि लोक उठले. टाळ्या, शिट्ट्या! त्यांना वाटलं पहिला अंक सुरू झाला. मावशीचे जावई सतरंजीवर उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!" मग छतावरून "वन्स मोअर!" ट्रॅक्टरवरून "वन्स मोअर!"

मी आणि अश्विननं भाऊंना वर ओढलं. मला वाटलं, आता माझी हाडं मोडतात. पण सोमाजीभाऊ सोमाजीभाऊच. त्यांनी लोकांकडे पाहिलं, टाळ्या ऐकल्या आणि चिखलाच्या हातानं माइक घेतला.

"बंधूभगिनींनो! मी पडलो नाई. मी मुद्दाम उतरलो! माह्या जनतेचं दुःख मी आज अंगावर घेतलं!"

टाळ्या.

"हा प्रवेश पुन्हा होणार नाई! उद्या सही! महिन्याभरात सिमेंट रोड!"

"वन्स मोअर!" जावई परत. ते काही ऐकेचनात.

नंतर नाटकही झालं. चांगलं झालं म्हणतात. अश्विननं सुनेचा हात धरला आणि मी त्याला मारायच्या खोट्या थापडीऐवजी खरी मारली. चुकून. बरं, अर्धी चुकून. तो इतका मुरलेला की गाल चोळत त्यानं परत तो हसण्याचा प्रकार केला आणि टाळी घेऊन गेला.

एक गोष्ट समजत नाही. फळी संघप्रियानं दुपारी स्वतः लावली होती. दोनदा सरकवून पाहिली, एका टोकाखाली ओली माती थापली, परत पाहिली. मी बघत होतो. एवढ्या काळजीनं लावलेली फळी सरकते म्हणजे नशीब म्हणायचं, दुसरं काय.

२१ डिसेंबर, शनिवार

कोणीतरी व्हिडिओ काढला. पाव्हणे आपापल्या गावी घेऊन गेले. आरमोरीला विक्कीच्या गिऱ्हाइकानं मलाच दाखवला: "पाह्य बे, नगराध्यक्षाची ॲक्टिंग." सोमाजीभाऊ आता ज्या गावात उद्घाटनाला जातात तिथं पोरं "वन्स मोअर" म्हणतात.

सही झाली. अश्विन म्हणतो, बाकी सगळं केव्हाच तयार होतं, मोजमापासकट.

थंडी फार. पायाला भेगा पडल्यात. आईनं तेल लावून दिलं आणि म्हणाली, "आता तं घाल." मी म्हटलं, सही म्हणजे रस्ता नाही.

११ जानेवारी, शनिवार

हे पान तिसऱ्यांदा फाडून लिहितोय. राग नाही. दुसरं काहीतरी आहे.

काल काम सुरू झालं, आज आमच्या बाजूचं सिमेंट टाकून झालं. गुळगुळीत, ओलं, बोडीच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, पाण्यासारखं चमकत होतं. मजूर संध्याकाळी गेले. मी कट्ट्यावर बसून पाहत होतो. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं.

तेवढ्यात दिसलं, मीराबाईच्या भिंतीला टेकवलेली अश्विनची मोटारसायकल. घराचं दार उघडं. आत तो, नव्या शर्टात. मिठाईचा डबा देत होता. संघप्रिया दोन्ही हातांनी घेत होती आणि हसत होती. मीराबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवत होती.

मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी सरळ गेलो. कट्ट्यापासून तिच्या दारापर्यंत, सरळ.

"अरे! अरे!" अश्विन ओरडला. मला वाटलं घाबरला.

मी म्हटलं, "अभिनंदन! मले सांगाचं तरी होतं!"

"सांगालेच तं आलो," तो म्हणाला, आणि माझ्या हातात लग्नपत्रिका दिली. चिरंजीव अश्विन आणि नंदिनी. मुलचेरा. पुढच्या महिन्यात. "तुमचे उपकार हायत दादा. तिच्या घरचे नाटकाले आलते. माहं काम पाहून बाप हो म्हणला."

मी पत्रिका उलटी-सुलटी करून पाहिली. मग अश्विन म्हणाला, "अन् हिचे उपकार. रोज येऊन डोक्याचा भुगा करे, कुलदीपचा अर्ज कुठी हाय, कुलदीपचा अर्ज कुठी हाय." मला हे पटलं नाही. अर्ज तर मी आवक करून आलो होतो.

संघप्रिया माझ्या पायांकडे पाहत होती. "सिमेंट लागलं हाय. धुऊन घे, नाई तं कातडी जळन." तांब्या आणून तिनंच पाणी घातलं. मी पाय चोळत राहिलो. वर पाहायची हिंमत झाली नाही.

परत येताना भिंतीच्या कडेनं, नालीवरून आलो.

१४ जानेवारी, मंगळवार

उद्घाटन. सोमाजीभाऊ नव्या पांढऱ्या कपड्यांत आले, फीत कापायला कात्री घेतली आणि तिथंच थांबले.

"उद्घाटनाच्या आधी कोणी उद्घाटन केलं बे?"

रस्त्यावर पावलं होती. सिमेंटमध्ये खोल उमटलेली, आता दगड झालेली. कट्ट्यापासून निघून सरळ रामटेकेंच्या दाराशी. अनवाणी, पाची बोटं फाकलेली. मी शपथ घेतली नसती, चपला असत्या, तर कोणाचीही म्हणून खपली असती. पण अख्ख्या सावरबोडीत अनवाणी एकच माणूस फिरतो. सगळा वॉर्ड माझ्या पायांकडे पाहायला लागला.

मीराबाई बाजेवरून म्हणाली, "आत आलेली पावलं दिसून राह्यली. बाहेर गेलेली एकबी नाई. पोट्टा अजून आमच्या घरातच असन."

लोक हसले. मी पुढे होऊन समजावलं, "नाई आजी, मी इथी हाय. जाताना भिंतीकडून गेलो होतो." तर लोक अजून हसले. आईनं पदरात तोंड लपवलं. विक्कीनं मला मागे ओढलं. "चूप राह्य बे."

अश्विननं गवंड्याला बोलावलं होतं. तो घमेलं घेऊन तयार. संघप्रिया दारातून म्हणाली, "राहू द्या."

"दिसन ना पण," अश्विन म्हणाला.

"दिसू द्या."

फीत कापली. टाळ्या. मागून कोणीतरी "वन्स मोअर" म्हटलं.

गर्दी पांगल्यावर तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. चपला. नव्या. "रस्ता झाला ना. घाल आता." घातल्या. अशा बसल्या की जशा काही पायावर शिवल्या.

"माप कुठून घेतलं?"

"रस्त्यावर पडलं होतं," ती म्हणाली. तिच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पेन्सिलनं एक पाऊल काढलेलं होतं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझा पहिला अर्ज वाचताना पाहिलं होतं तसं. म्हणाली, "एक अर्ज राह्यला हाय तुहा. आजीकडं द्याचा हाय. अन् हा मी लिहून देणार नाई, स्वतः लिहाचा. भांडण नको घालू त्याच्यात." आणि आत गेली.

घरी येऊन तेव्हापासून विचार करतोय. कोणता अर्ज राहिला? रस्त्याचा झाला. पाइप दुरुस्त झाला. पथदिव्यांचा असेल. पण पथदिवे नगरपंचायतीकडे असतात, आजीकडे कशाला? आजीकडे आहे काय? एक बाज, दोन शेळ्या, आणि

चपला कुठी ठेवल्या मी?